खिंडारावरची दोन दिवसांची मोजणी

माणूस चपला कशा घालतो यावरून तो कुठं निघालाय हे मी सांगू शकतो. पस्तीस वर्षं नांदेड-लातूर गाडीवर कंडक्टर होतो. अहमदपूर यायच्या आत अख्ख्या गाडीची कुंडली मला पाठ व्हायची. एकदा एका म्हाताऱ्याच्या नुसत्या टोपीकडं बघून मी त्याच्या जावयाचा पगार सांगितला होता. ही सगळी फुशारकी आता मला नकोशी वाटते, पण त्या वर्षी वाटत नव्हती.

त्या वर्षी एका इंजिनिअरिंग कॉलेजातले सर आमच्या गल्लीत आले. पायी आणि सायकलवर जाणारी माणसं कोणता रस्ता धरतात, जवळचा टाकून लांबचा का धरतात, याचा अभ्यास चालला होता. फॉर्म भरायला माणसं हवी होती. सर म्हणाले, "काका, नकाशात रस्ते दिसतात, माणसं दिसत नाहीत."

"माणसं माझ्याकडून घ्या सर. लागतील तेवढी देतो."

आमच्या वस्तीमागं बंद पडलेल्या मिलची भिंत. भिंतीपलीकडं शिंप्यांचा मोहल्ला. मधोमध एक खिंडार होतं, माणूस तिरपा होऊन जाईल एवढं. सायकल उभी करून ओढावी लागे. लोक वापरत असतील तर तिथं नीट वाट आणि दिवा करायचा, नसतील तर बुजवायचं, असा प्रश्न वरच्या कचेरीत होता. ते ठरवायला मी बसलो.

दोन दिवस बसलो. प्लास्टिकची खुर्ची, टोपी, आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कुणी सांगितली नव्हती. ऊन असं की माझी छत्रीच सावली शोधत होती. दोन दिवसांत अकरा गडी, चार सायकली आणि एक बकरी. बकरीचंही मी टिपलं, कारणाच्या रकान्यात "आवड" लिहिलं. नवरा-बायको जोडीनं आले की नवऱ्याला विचारून त्याच्याच नावानं लिहायचो, बाई वेगळी मोजायचो नाही. गाडीत तसंच असतं: नवरा म्हणतो "दोन लातूर", आपण दोन तिकिटं फाडतो, बाईला कोण विचारतं? एकटी बाई मात्र एकही आली नाही. मी शेऱ्यात ठळक लिहिलं, "महिलांचा वापर शून्य."

"शून्य, काका?" सरांनी दोनदा विचारलं.

"शून्य म्हणजे शून्य. मुंगीसुद्धा नर होती सर."

स्वतःच्या घरातल्या माणसांचाही एकेक फॉर्म भरायचा होता. बायको दहा पावलांवर भाकरी थापत होती. मी तिचा फॉर्म माझा मीच भरला. कुठे जाता: बाजारात. कोणत्या रस्त्यानं: मेन रोड. किती वेळा: आठवड्यातून एकदा.

पोळ्याच्या सुमारास खिंडार बुजलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी भिंत दाखवायचो, जसं काही विष्णुपुरीचं धरणही मीच बांधलं होतं.

महिनाभरानं बायको गुडघ्यांना तेल चोळताना दिसली.

"काहून दुखून राहिले गुडघे?"

"चालणं वाढलं."

"कुठं चालतीस एवढं?"

"आपाकडं."

आपा म्हणजे पलीकडच्या मोहल्ल्यातली शिवणकाम करणारी बाई. वीस वर्षं दोघींनी मिळून साड्यांना फॉल लावले. मला आपा एवढीच ठाऊक होती, की ईदला तिच्याकडून शिरखुर्म्याचा डबा येतो. तिचा नवरा गेल्यापासून ती एकटी होती, दम्यानं खाटेला खिळली होती, आणि माझी बायको सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्या खिंडारातून तिच्याकडं जात होती. दुपारी तिला चार घास भरवून, दम्याचा पंप ओढायला लावून यायची. हे मला त्या संध्याकाळी कळलं.

"पण मी दोन दिवस तिथं बसलो व्हतो की!"

"बसलावतात ना, शिट्टी घालून. पुरुषमाणूस वही घेऊन वाटेत बसल्यावर कोण बाई येतीय? समद्या जणी चिंचंखाली थांबायच्या. तुम्ही जेवायला उठला की जायच्या."

मला आठवलं. दोन्ही दिवस घरी ताट झाकून ठेवलेलं होतं आणि ही नव्हती. मी जेवलो होतो आणि परत जाऊन शून्य लिहिलं होतं.

आता मेन रोडनं वळसा घालून अर्धा तास जायला, अर्धा यायला. रोज तीनदा ऑटो कोण करतं? तीन खेपांच्या दोन झाल्या, मग एक. दुपारची आधी सुटली.

मी सरांकडं गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अहवाल गेला काका. तुम्ही अर्ज करा." कचेरीत पाच चकरा मारल्या. साहेबाला सांगितलं, त्या खिंडारातून रोज हजार बाया जात होत्या. कारकुनानं फाईल उघडून कागद माझ्यापुढं सरकवला. "शून्य लिहिलंय. खाली सही तुमचीच हाय न्हं, काका?" सही माझीच होती.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी आपा गेली. संध्याकाळी शेजारणीला दिसली. पंप खाटेखाली घरंगळला होता, हात पुरत नव्हता तिथं.

माती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "तुमच्या फारमात मी कुठं जात व्हते?"

"बाजारात. आठवड्यातून एकदा."

 ती म्हणाली, "मी चुलीपाशीच व्हते त्या दिवशी."

एक कोरा फॉर्म घरात उरला होता. दुसरं काय करावं ते मला कळेना, म्हणून तो घेऊन तिच्यासमोर बसलो. पेन उघडलं आणि पहिला प्रश्न मोठ्यानं वाचला, "कुठे जाता?"

"आता कुठंच न्हाई," ती म्हणाली. "लिहा."