पाहुण्यांचं सामान

आमच्या स्वयंपाकघरात महिन्याचं सामान मावायचं नाही. नायगावला, जूचंद्रच्या बाजूला नवी इमारत उभी राहिली तेव्हा आम्ही हा फ्लॅट घेतला आणि हप्ते सुरू झाले. ओट्याखाली सिलिंडर ठेवला की चार डब्यांपुरती जागा उरायची. म्हणून मी सामान आठवड्याचं भरायला लागले. दर शनिवारी संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधली माझी शेजारीण आणि मी रिक्षा करून वसईच्या मोठ्या दुकानात जायचो. दोघींत ट्रॉली एकच. तिचं सामान डावीकडे, माझं उजवीकडे. काउंटरवर हमखास घोळ व्हायचा, कारण तिचा साबण माझ्या पिशवीत आणि माझी साबुदाण्याची पुडी तिच्याकडे. येताना दुकानाबाहेर उभ्या उभ्या शेवपुरी खायचो. सामान आणायला जातोय असं कधी वाटायचंच नाही.

या सामानातलं बरंचसं रविवारसाठी असायचं. माझी नणंद बोळिंजला राहते. ह्यांची एकुलती एक धाकटी बहीण. दर रविवारी वन्सं, त्यांचे यजमान आणि दोन मुलं आमच्याकडे जेवायला. हे सकाळी लवकर जाऊन मासे आणायचे. मी वाटण वाटून ठेवायची. आमची मुलगी पुण्याला होस्टेलवर शिकायला गेल्यापासून तर रविवारीच काय ती घरात चार माणसांची वर्दळ असायची. वन्सं आल्या की चप्पल काढता काढता दारातूनच विचारायच्या, "वहिनी, कालवण तांबडं की हिरवं?"

गोखिवऱ्याला ज्या युनिटमध्ये हे सुपरवायझर होते ते मालकाने बंद केलं आणि मशिनं गुजरातला हलवली. त्या दिवशी हे दुपारीच घरी आले. बूट न काढता खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं. ते हातातच धरून म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. दोन-तीन महिन्यांत बघतो काहीतरी."

"वन्संना?"

"तिला तर मुळीच नको. आणि पोरीलाही नको, तिची परीक्षा आहे."

मी बरं म्हटलं. त्या वेळी दुसरं काय म्हणणार?

पहिल्या आठवड्याला मी सामानातून जे सहज जाईल ते काढलं. काजू, चीज, तयार पराठे, दोन प्रकारची बिस्किटं. बाथरूमची वासाची बाटली. त्याने बिल थोडं खाली आलं, पण पुरेसं नाही. मग तूरडाळीत मसूर मिसळायला लागले. चहाची पावडर सुटी आणली. ह्यांना कुळथाची पिठी आवडते. ती आठवड्यातून दोनदा व्हायला लागली आणि त्यांनी एकदाही नाव ठेवलं नाही. तेलाची पिशवी कापून तिच्यातलं उरलेलं तेल कणकेला लावायची. हे सगळं मला जमलं. काटकसरीच्या घरात वाढलेली मी, मला त्यात काही अपमान वाटला नाही.

तरीही बिल एका ठिकाणी येऊन अडलं. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की आम्हा दोघांना लागतं फार थोडं. उरलेलं सामान दुसऱ्यांचं आहे. चांगला तांदूळ वन्संच्या यजमानांसाठी. श्रीखंड आणि वेफर्स मुलांसाठी. जास्तीचं दूध दुपारी शेजारीण येते तिच्या चहासाठी. तळायचे पापड कुणी अचानक आलं तर म्हणून. दोन नारळ, मासे, कोकमं, सगळं रविवारचं. डाळीत मसूर मिसळून जे साधत नव्हतं ते एक रविवार टाळला की साधणार होतं.

हे मी ह्यांना बोलून दाखवलं नाही. तेही त्याच विचारात असणार, कारण शुक्रवारी त्यांनीच बहिणीला फोन केला. "या रविवारी आम्ही नाही गं. लग्न आहे एक ठाण्याला." पुढच्या आठवड्याला सोसायटीची मीटिंग निघाली. त्यापुढे माझा घसा धरला. मी घसा धरल्यासारखी दिवसभर गप्पच होते, म्हणजे ते खोटंही म्हणता येणार नाही.

शेजारणीचं अवघड होतं. शनिवारी सहा वाजता ती दार वाजवायची. मी एकदा कंबरेचं निमित्त सांगितलं. एकदा म्हटलं, सामान आहे अजून. तिसऱ्या शनिवारी तिने दारातच माझ्याकडे नीट पाहिलं आणि "बरं" म्हणून एकटीच गेली. मग तिने वाजवणं सोडलं. दुपारी चहालाही येईना. हे घरात असायचे, पडदे ओढून, कुणाला दिसू नये म्हणून आतल्या खोलीत. ती आली असती तर पंचाईतच होती. पण चार वाजले की माझा कान दाराकडे लागायचा.

मी भाजीला सकाळी लवकर जायला लागले, आमच्या इमारतीतल्या बायका निघायच्या आत. जूचंद्रच्या गावातल्या बायका टोपल्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. त्यातल्या एकीकडे मी रोज थांबायची. ती म्हणायची, "घे गो बाय, पानी नाय मारलेलं. सकालीच खुडलीय." तिच्याकडे माठाची जुडी स्वस्त पडायची. कित्येक दिवस असे गेले की ह्यांच्याखेरीज मी तिच्याशीच काय ते बोलले, आणि तेही माठ आणि मिरच्यांबद्दल.

रविवारी मी सुके बोंबील भाजायची. वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घ्यायची. भाकरी, बोंबील, कांदा. ह्यांना ते ओल्या मासळीपेक्षाही आवडतं. लहानपणी पावसाळाभर तेच खाल्लेलं. पण आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो तेव्हा टीव्हीचा आवाज बारीक ठेवायचो. का ते आता सांगता येत नाही. आपण घरी आहोत हे कुणाला कळू नये असं झालं होतं.

अशाच एका रविवारी बेल वाजली.

आम्ही जेवत होतो. हे घास हातात धरून थांबले. बाहेरून वन्संचा आवाज आला, "दादा! वहिनी!" पुन्हा बेल. मी उठायला लागले तर ह्यांनी माझा हात धरला. ताटात बोंबील, खिडक्या बंद, घरात वास कोंडलेला. नवरा घरच्या बनियनवर, दाढी वाढलेली. त्या क्षणी दार उघडलं असतं तर सगळंच एकदम दिसलं असतं.

"चपला तर इथेच आहेत," वन्सं म्हणाल्या.

"झोपले असतील," त्यांचे यजमान म्हणाले.

"दादा दुपारी नाही झोपत. वहिनींना बरं नाहीये ना? फोनसुद्धा उचलत नाहीत."

ह्यांचा फोन पलंगावर उलटा पडलेला होता. त्याची थरथर ऐकू येत होती.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. माझी शेजारीण बाहेर आली होती. मला वाटलं, आता झालं. तिला माहीत असणारच, आम्ही आत आहोत.

"अहो, ते नाहीयेत," ती म्हणाली. "सकाळीच गेलेत दोघं. बाहेरच्या चपला घालून गेलेत, या घरातल्या आहेत."

"कुठे गेलेत?"

"ते नाही बोलले. तुम्ही आत या ना, पाणी तरी घ्या."

वन्सं नको म्हणाल्या. लिफ्टचं दार वाजलं. मग मी दार किलकिलं करून पाहिलं. कडीला पिशवी अडकवलेली होती. आत वालाच्या शेंगा आणि केळीच्या पानात बांधलेली सुकेळी. सुकवलेली ही केळी आमच्या वसईकडे होतात, ह्यांना लहान मुलासारखी आवडतात. हे पिशवीकडे बघत राहिले. मग आतल्या खोलीत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले. मी ताटं उचलली.

संध्याकाळी मी समोरची बेल वाजवली. शेजारीण दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"तू आज..." मी सुरुवात केली.

"दिवसा भाऊजींचा खोकला ऐकू येतो गं दारातून," ती म्हणाली. "केव्हापासून ऐकतेय. मला वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील."

"ह्यांनी नको म्हटलं होतं."

"हो, पण मी काय चार घरांत सांगणार होते?" तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याचा रागही आला. "मी शनिवारी एकटी जात होते. मला वाटायचं, माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं, असं मी सांगितलं. तिने मान हलवली.

त्याच रात्री ह्यांनी बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मधेच ते म्हणाले, "रडू नकोस, रडण्यासारखं काही झालेलं नाही." वन्सं दुसऱ्याच दिवशी आल्या. तांदळाची गोणी, तेलाचा डबा, डाळी. रिक्षावाल्याने वर आणून ठेवलं. ह्यांनी ते सगळं घेतलं, बहिणीला चहा दिला, हसून बोलले. त्या गेल्यावर मात्र म्हणाले, "तिला सांग, परत आणू नकोस." मला सांगावं लागलं. कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी त्यांना ते लागलं.

दिवाळीच्या आधी ह्यांना काम मिळालं. वसई पूर्वेलाच एका गोदामात, स्टोअरचं. पगार आधीपेक्षा कमी, पण हप्ता निघतो, पोरीची फी निघते. पडदे पुन्हा उघडले. मला वाटलं, आता सगळं जागच्या जागी येईल.

शेजारणीने मला शनिवारी बोलावलं. मधल्या काळात तिला बी विंगमधली एक मैत्रीण मिळाली होती. आम्ही तिघी गेलो. त्या दोघींची ट्रॉली एक, माझी वेगळी. मी काही हातात घेऊन परत ठेवलं की त्या दोघी बोलता बोलता थांबायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. चांगुलपणानेच. शेवपुरीच्या गाडीवर शेजारणीने तिघींचे पैसे देऊन टाकले, माझा हात पर्समध्ये जायच्या आत. मी पुढच्या शनिवारी गेले नाही. तिनेही फार आग्रह केला नाही. आता भेटलो की हसतो, सणाला ताटं देतो-घेतो. तेवढंच.

गेल्या महिन्यात मी ठरवून पुन्हा रविवारचं सामान भरलं. चांगला तांदूळ, दोन नारळ, मुलांसाठी वेफर्स. ह्यांना म्हटलं, सुरमई आणा. वन्संना फोन केला.

"अगंबाई, या रविवारी का?" त्या म्हणाल्या. "वहिनी, आता रविवारी दोघांचे क्लास असतात हो. आणि तुम्ही कशाला उगाच त्रास घेता? आम्ही येऊ ना सावकाश, असंच, चहाला."

"त्रास कसला? तुम्ही यायचातच की."

"हो, पण तेव्हाचं वेगळं." मग त्यांनाच ते शब्द टोचले असावेत. घाईघाईने म्हणाल्या, "दादाला सांगा, मी आठवण काढली."

त्या तशा प्रेमळच आहेत. आमच्याकडे जेवायला बसायचं म्हणजे आमच्या तोंडचा घास खायचा असं त्यांच्या मनाने घेतलंय. ते काढून कसं टाकायचं, मला कळत नाही. पुरेसं कमावतो, ताटात वाढतो, पण समोरचा माणूस प्रत्येक तुकडा उचलताना आपल्याकडे बघणार असेल तर त्याला जेवायला घालणार कसं?

दिवाळीला घरी आली तेव्हा मुलीलाही आम्ही सगळं सांगितलं होतं. परवा ती फोनवर म्हणाली, "आई, तू इतकं मॅनेज केलंस, मैत्रिणींना सांगते मी तुझं." मला बरं वाटलं. बिल खरंच अजूनही निम्मंच आहे. वाढवायला हरकत नाही एवढे पैसे येतात, पण वाढवू कुणासाठी?

वन्संना बोलावलं होतं त्या रविवारी हे सुरमई घेऊन आले तेव्हा वन्सं येणार नाहीत हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पिशवी बरीच मोठी होती. त्यांनी सिंकमध्ये ठेवली आणि विचारलं, "किती वाजता येतायत?"

मी सांगितलं. मग बाही वर करून त्यांनी नळ सोडला आणि तुकडे धुवायला घेतले. मी नारळ फोडला.

"सगळं आजच करू नकोस," ते म्हणाले. "अर्धं मीठ-हळद लावून ठेव. उद्या डब्यात नेतो."

"मासळी चालते गोदामात?"

"चालते. मी एकटाच बसतो जेवायला."

मी अर्धे तुकडे वेगळे काढले.