अहिरे सरांचा निरोप समारंभ

मंगळवार, सकाळी अकरा. श्रावण चालू होता. वर्ष मुद्दाम लिहीत नाही. ठिकाण, विद्यापीठाचं बैठकीचं दालन. हजर: संस्थेचे अध्यक्ष, कुलगुरू, व्यवस्थापन मंडळाचे चार सदस्य, कुलसचिव अहिरे सर आणि शेवटच्या खुर्चीवर मी, इतिवृत्त लिहायला.

इथून पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्ही आमच्या ऑफिसातले नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे — सोपं म्हणजे काय, जमतंय का ते बघते.

विद्यापीठ नाशिकचं, एवढं पुरे. नाव शोधत बसू नका. आमच्याकडे लपवाछपवी तशीही भरपूर आहे, त्यात माझी थोडी भर.

माझं काम बैठकांचं. सूचना काढायची, विषयपत्रिका करायची, कोण काय बोललं ते टिपायचं, आणि कुणाचं काय टिपायचं नाही हेही समजून घ्यायचं. माझ्यासमोर माणसं एकमेकांवर ओरडली आहेत, एका अधिष्ठात्यांनी रागाने पेनाचं टोपण फेकलं आहे. मी बाहेर कधी अवाक्षर काढलं नाही. आणि त्या मंगळवारी तिसरा विषय आला तेव्हा अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा."

बाहेर! मी! पेन हातात धरून व्हरांड्यात उभी. शिपाई चहा घेऊन आत गेला, म्हणजे त्याला आत जायला परवानगी होती. कपबशा परत आल्या. दार उघडलं तेव्हा पहिले अहिरे सर बाहेर आले. चेहऱ्यावर काही नाही. मला म्हणाले, "तुम्ही चहा घेतला की नाही, मॅडम?" आणि आपल्या केबिनकडे गेले.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. मीच टाइप केलं. कुलसचिव वैयक्तिक कारणास्तव शुक्रवारी पदमुक्त होत आहेत. संपलं. एक वाक्य! माणूस इतकी वर्षं अख्खं कार्यालय चालवतो आणि त्याच्या जाण्याला एक वाक्य? विचारायला जावं तर कुलगुरूंचे स्वीय सहायक फाइलीत डोकं घालतात. एक सदस्य म्हणाले, "योग्य वेळी कळेल." ही योग्य वेळ कधी येते हो? कुठल्या विषयपत्रिकेवर असते? मला अजून सापडलेली नाही. सर का गेले, ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही.

पण हे — मला माहीत नाही हे — मी कुणाला म्हणाले का?

तिथूनच सगळं सुरू झालं. माणसं माझ्या टेबलाशी यायला लागली. परीक्षा विभाग, ग्रंथालय, वसतिगृहाच्या रेक्टर. "मॅडम, तुम्ही तर आतच होतात." मी भुवया जरा वर करायची आणि कागद सारखे करायची. बाहेर काढलं होतं मला, हे तोंडातून निघेना. इतक्या वर्षांत मी एकच गोष्ट कमावली होती: हिला सगळं ठाऊक असतं पण ही बोलत नाही. ती एका दुपारीत घालवायची?

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला निरोप देतात. कुलगुरू असो की माळी. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर वरच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ, चिवडा-पेढा, दोन भाषणं. जाणाऱ्याच्या घरच्यांना आवर्जून बोलावतात. मग पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो, आणि गाडीपर्यंत पोचवायला जायचं. वरिष्ठांची परवानगी वगैरे काही लागत नाही. कर्मचारी करतात आणि त्याची सगळी व्यवस्था मी करते. शाल कोण आणणार, कोण बोलणार, कोणाला बोलू द्यायचं नाही — सगळं. एकालाच निरोप मिळाला नव्हता. गुणपत्रिकांत खाडाखोड करताना पकडलेला एक कारकून. त्यामुळे आमच्या इमारतीत सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे: निरोप नाही, म्हणजे भानगड.

मलाही ठाऊक होतं. हे नीट लक्षात ठेवा. मला ठाऊक होतं.

गुरुवारी वैशाली आली. लेखा विभागातली, माझ्या समोरच्याच टेबलावर बसते, मोकळी बाई. "मॅडम, संध्याकाळी मेन रोडला चाललेय. शाल बघू का अहिरे सरांसाठी? जरा बरी घेऊ, नाहीतर मागच्या वेळेसारखी टेबलक्लॉथ वाटेल."

आजूबाजूला चार-पाच जण होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शाल आण, एवढंच म्हणायचं होतं. पण मग सगळ्यांना कळलं असतं की मला त्यांच्यापेक्षा जास्त काहीच माहीत नाही. आणि आतून संतापही होता. मला बाहेर उभं करता काय? तर मग तुमच्या माणसाचा समारंभ मी का मांडू? अहिरे सरांनी मला बाहेर काढलं नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं.

मी म्हणाले, "थांब. वरून सांगितलंय, कार्यक्रम करायचा नाही."

वरून कुणी काही सांगितलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं. पूर्ण माझं.

वैशालीने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणजे मोठंच काहीतरी." आणि मी — मी परत भुवया वर केल्या.

शुक्रवारी सर नेहमीसारखे आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. कपाट रिकामं केलं, किल्ल्या दिल्या. जेवणानंतर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मी चारपर्यंत आहे, मॅडम." मी म्हणाले, "हो सर." काय समजायचं होतं ते मला समजलं होतं. ते विचारू शकत नव्हते. स्वतःच्या निरोपाचं कोण विचारणार?

आणि मग वहिनी आल्या. त्यांच्या मिसेस. कोणी बोलावलं नव्हतं, पण बोलावण्याची गरजच काय? इतक्यांच्या निरोपांना त्या आल्या होत्या, पद्धत त्यांना पाठ होती. चांगली रेशमी साडी, अंबाड्यावर गजरा. बरोबर नामपूरहून आलेले मोठे दीर, टोपी घातलेले. दीर केबिनबाहेरच्या बाकावर बसून शिपायाला मोठ्याने अहिराणीत भावाची ओळख सांगत होते, "आमना भाऊ शे ना हाऊ, साहेब!" वहिनी सरळ माझ्याकडे आल्या. "ताई, वरच्याच हॉलमध्ये ना? यांना जिना आता जरा हळू चढावा लागतो, म्हणून आधी विचारते."

समोर वैशाली बसली होती. अजूनही वेळ होता. हॉल रिकामा होता, चिवडा-पेढा कोपऱ्यावर मिळतो, माणसं सगळी जागेवर होती. अर्ध्या तासात मी याहून मोठे कार्यक्रम उभे केले आहेत. फक्त वैशालीसमोर म्हणावं लागलं असतं की कालचं वाक्य मी बनवलं होतं.

"वहिनी, आज कार्यक्रम नाही ठेवलेला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. हरकत नाही." साडीचा पदर खांद्यावरून नीट घेतला आणि केबिनमध्ये गेल्या. थोड्या वेळाने तिघंही जिन्याने खाली उतरले. सर पुढे, मागे पिशव्या घेऊन दीर. खोल्यांमधून माणसं बघत होती. गाडीपर्यंत कोणी गेलं नाही. वरून सांगितलं होतं ना!

पुढचा महिनाभर कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे जागेचा व्यवहार, कोणी म्हणे बाईचं प्रकरण. एक जण म्हणाला, "पिशवी उचलायला भाऊ आणावा लागला, बघा, केवढी जड असेल!" सगळे हसले. पुरावा विचारला की उत्तर एकच: मग निरोप का नाही झाला? वरिष्ठांच्या गुप्ततेला मी इतकी नावं ठेवते, पण त्यांनी निदान तोंड बंद ठेवलं होतं. त्या रिकाम्या जागेत बसवायला काहीतरी मीच आणून दिलं.

एवढ्यावरही थांबले नाही. दिवाळीच्या आधी कुलगुरू सहज म्हणाले, "अहो, अहिरेंचा कार्यक्रम का केला नाही तुम्ही लोकांनी? स्टाफचा राग होता की काय?" किती सोपं होतं तेव्हा! दार बंद, आम्ही दोघंच. मी म्हणाले, "नाही सर, त्यांनाच नको होता." ते म्हणाले, "असं का," आणि सही करत राहिले. म्हणजे खालच्यांना वाटतं वरून बंदी होती, वरच्यांना वाटतं सरांनीच नाकारलं. दोन्हीकडे मी. व्यवस्थित काम, नाही का? माझ्या कामात फट राहत नाही.

मग निफाडकडून फोन आला. तिथल्या एका छोट्या कॉलेजचे सचिव, ओळखीचे. अहिरे सरांना प्रशासकीय संचालक म्हणून घ्यायचं चाललं होतं. "ताई, तुम्ही आतल्या. आपल्यात राहू द्या. माणूस बरा आहे ना? काहीबाही ऐकू येतंय. निरोपसुद्धा दिला नाही म्हणे?"

मी काय म्हणाले असते तर सगळं निस्तरलं असतं? फार नाही. निरोप दिला नाही तो माझ्यामुळे, माणूस सोन्यासारखा आहे. सात-आठ शब्द. मी म्हणाले, "हो, निरोप नाही झाला. बाकी मला काही सांगता येणार नाही, भाऊ."

शब्द न् शब्द खरा होता. सचिवांनी सुस्कारा सोडला, "समजलो," म्हणाले आणि फोन ठेवला. सरांना तिथे घेतलं नाही. नंतर कुठेच नाही. आता म्हणे ते नामपूरला घरीच असतात.

गेल्या आठवड्यात ग्रंथालयातल्या एकांचा निरोप होता. मीच मांडला, वेळेवर सुरू, वेळेवर संपला. पेढा खाता खाता वैशाली एका नव्या मुलीला सांगत होती, "आमच्याकडे दोघांनाच निरोप मिळाला नाही बघ. एक तो खाडाखोडवाला, आणि एक अहिरे." सर नाही. नुसतं अहिरे. तिचा काय दोष? मीच दोघांना एका बाकावर बसवलं.

मला इतरांची चीड येते — दारं लावून बसणाऱ्यांची, एका वाक्यात माणूस उरकणाऱ्यांची. येऊ दे. त्यांच्यापैकी कोणीही वहिनींना गजरा माळून यायला आणि तसंच परत जायला लावलं नव्हतं. ते माझ्या टेबलापाशी झालं.

निफाडच्या सचिवांचा नंबर आहे. नामपूरचा पत्ता मिळेल. पण त्याआधीचं एक काम आहे, त्याला ना नंबर लागतो ना पत्ता. वैशालीला सांगायचं आहे की त्या गुरुवारी वरून कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आत्ता समोर बसली आहे, डबा उघडते आहे, मला विचारते आहे, "मॅडम, मेथीची भाजी घेणार का थोडी?"

मी म्हणाले, "दे." तेवढंच म्हणाले.