ठशावर पाय
जवस भाजायला घेतलं की मला हटकून इथला, अमेरिकेतल्या प्लेनोमधला, तो छपाईचा क्लास आठवतो, कारण तिथल्या लिनोलियमच्या जाड तक्त्यांनाही जवसाच्या तेलाचा असाच वास यायचा. शिकवणाऱ्या डॅनिश आजी त्यांच्याकडच्या जुन्या रीतीने लिनोलियमवर नक्षी कोरून त्या ठशाने कापड छापायच्या. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं, आईने पाठवलेली पांढरी साडी समोर पसरलेली, आणि हाताने कितीही दाबलं तरी मी ठशावर कोरलेलं झाडाचं पान फिकंच उमटत होतं. “अगं, उभी राहा त्या ठशावर!” आजी इंग्रजीत ओरडल्या. कामाच्या वस्तूला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या घरातली मी, तिच्यावर उभी कशी राहणार? शेवटी चपला काढल्या, ठशाला वाकून नमस्कार केला आणि चढले. आजी निरखून बघत होत्या. ठसा उचलला, तर गडद निळं पान, शीर न् शीर उमटलेलं! मी अशी किंचाळले की अख्खा क्लास धावत आला. दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून मी प्रदर्शनभर मिरवले. परवा सहज त्या क्लासात डोकावले, तर एक अमेरिकन मुलगी ठशावर चढण्याआधी वाकून नमस्कार करत होती. “हे कशाला?” मी विचारलं. ती म्हणाली, “अशीच पद्धत आहे, डेन्मार्कची!”