अळंबीचं पाणी

आमच्या आष्ट्याकडं पावसाळ्यात उकिरड्यावर अळंबी उगवते. तिला आम्ही कुत्र्याची छत्री म्हणतो आणि पायानं उडवून लावतो. तीच वाळवून, पाकिटात भरून माझ्या मुलीनं घरी आणली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मुलगी चीनमध्ये डॉक्टरकी शिकली, आता शिरवळच्या एका दवाखान्यात नोकरीला आहे. तिकडं असताना शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला घरगुती स्वयंपाक शिकवला होता. चायनीज म्हटलं की मला आपलं स्टँडजवळच्या गाड्यावरचं लालभडक काहीतरी आठवायचं. मुलगी म्हणाली, तसलं त्यांच्या घरात कुणी खात नाही. ही वाळकी अळंबी, आलं आणि मऊ भात, आजारी माणसाला हेच देतात.

आजारी माणूस म्हणजे माझी बायको. पोटाचा कॅन्सर, सांगलीला केमो चालू. औषधानं तोंडाची चव पार गेली होती. भाकरी माती लागते, दूध लोखंड लागतं, म्हणायची आणि ताट सरकवायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलेलं, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस देता येणार नाही. म्हणजे तिच्या पोटात चार घास जाणं एवढ्या एका गोष्टीवर सगळं येऊन ठेपलं होतं.

मी फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालो. आयुष्यभर लंगरमधलं आयतं खाल्लं, रजेवर आलो की हिच्या हातचं. स्वयंपाकघरात माझं काम पाणी प्यायला जाण्यापुरतं. शेजारी राहणारी वहिनी भाकऱ्या द्यायची, पण ही अळंबी बघून तिनं हात वर केले. मग मीच उभा राहिलो. बायको कॉटवरून म्हणाली, "सरहद्दीवर चिन्यांच्यासमोर बंदूक घिऊन हुबं ऱ्हायलासा, आता त्येंचंच कालवण करा."

मुलीनं फोनवर सांगितलं तसं केलं. संध्याकाळी गार पाण्यात अळंबी भिजत घातली. सकाळी पिळून देठ काढले, तेलात आलं टाकलं, तिनं दिलेला सोया सॉस घातला. साखर चिमूटभर म्हणाली होती, मी घरचा गुळाचा खडा टाकला. भिजवलेलं पाणी काढ्यासारखं काळं झालं होतं. मटकीचं टाकतात तसं मोरीत ओतून दिलं. शिजल्यावर एक तुकडा तोंडात घातला, तर ओली चिंधी चघळावी तसं. तरी भातावर घालून हिच्यापुढं ठेवलं. आणि हिनं निम्मी वाटी खाल्ली.

"झ्याक झालंय," म्हणाली.

कितीतरी दिवसांनी तिनं स्वतःहून घास घेतला होता. मी लगेच मुलीला फोन लावला, छाती फुगवून सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "पाण्याचं काय केलं?"

"टाकलं."

"पप्पा, सगळी चव त्या पाण्यात असते."

"मग आधी सांगायला तोंड शिवलं हुतं व्हय तुझं?" मी ओरडलो. मागं कॉटवर बायको हसत होती. हसताना तिला धाप लागली, पण हसायची थांबली नाही.

दुसऱ्या खेपेला पाणी राखलं. तळाची रेती तेवढी भांड्यात ठेवून वरचं कालवणात ओतलं. आधी घरभर ओल्या पोत्यासारखा वास सुटला, मग हळूहळू असा काही घमघमाट की मीच दोनदा झाकण उघडून बघितलं. चव घेतली आणि कबूल करतो, चीनमधल्या त्या म्हातारीला मनातल्या मनात सॅल्यूट ठोकला. बायकोनं खाल्लं. "झ्याक झालंय," म्हणाली. शब्द तोच, पण मी तेव्हा खुशीत होतो.

त्यानंतर रोजचंच झालं. संध्याकाळी अळंबी भिजत, सकाळी कालवण. मी स्टूल घेऊन समोर बसायचो आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय हलायचो नाही. ती वैतागायची. "आवं, रानात जावा की. उसाला पानी कोण पाजणार? माझ्यावर पहारा लावल्यागत काय बसताय." मी म्हणायचो, तू खा आधी. मग ती एकेक घास चावत बसायची. वजन काही दिवस टिकलं. डोस दिला, त्याच्या पुढचाही दिला. मला वाटायला लागलं, आपण ही लढाई मारली.

नंतर रोग पसरल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. मी त्यांच्याशी भांडलो, ती खाते, अजून खाते, म्हणून सांगत राहिलो. त्यांनी मान हलवली आणि डिस्चार्जच्या कागदावर सही केली.

घरी आणल्यावरही माझा नेम मोडला नाही. शेवटच्या संध्याकाळी अळंबी वाडग्यात भिजत घातली, वर ताटली ठेवली. ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "पानी टाकू नका म्हंजे झालं." रोजची थट्टा होती ती. पहाटे ती गेली.

मुलगी शिरवळहून येईपर्यंत भावकी जमली होती. दुपारी मसणातून परत आलो, आंघोळ केली. घरात चूल पेटवायची नसते म्हणून भावकीनं कडू घास आणला होता. एक घास खाल्ला आणि पाणी प्यायला आत गेलो. ओट्यावर वाडगा पालथा घातलेला. अळंबी शेजारी ताटलीत निथळून कोरडी पडलेली.

"पाणी कुणी टाकलं?" मी ओरडलो.

वहिनी दाराशी आली. "भाऊजी, माणूस गेल्यावर घरातलं भरल्यालं पानी ठेवत न्हाईत. हांडं, कळशी, समदंच ओतलंय."

तिचं बरोबर होतं. रीत तीच आहे, माझी आई गेली तेव्हा मीच हंडे ओतले होते. पण मी ऐकेना. चव त्या पाण्यात असते, त्या पाण्यात असते, एवढंच बडबडत राहिलो. चुलतभावांनी दंडाला धरून मला बाहेर सोप्यात आणून बसवलं, आणि तिथं मी पोरासारखा रडलो.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. मुलीनं ती अळंबी फ्रीजमध्ये ठेवली होती. तिनं ती साध्या पाण्यात शिजवली. आलं, सॉस, गुळाचा खडा, सगळं माझ्यासारखंच. मी घास घेतला. कसलीच चव नव्हती.

"तुझ्या आईला पहिल्या दिवशी हे असलंच खायला घातलं मी," म्हणालो. "तरी बिचारी झ्याक म्हणाली."

मुलीनं माझ्या वाटीतला एक तुकडा तोंडात घालून बघितला. मग म्हणाली, "पप्पा, तिला रोजच असं लागत होतं. चव परत आलीच नव्हती. पाणी घातलं काय, न घातलं काय, तिला सारखंच."

"मग खायची कशी?"

"तुम्ही समोर बसलेले असायचा."

मला राग आला. मला का सांगितलं नाहीस, म्हणून तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली, "आईनं शपथ घातली होती. म्हणाली, आत्ता कुठं हात बसलाय त्येंचा, त्येंचं मन मोडू नगंस."

वाटीत अजून बरंच होतं. मुलगी उठली आणि वाटीला हात घालत म्हणाली, "राहू द्या पप्पा, नका खाऊ. बेचव झालंय."

मी वाटी सोडली नाही. एकेक घास चावत सगळं संपवलं आणि रिकामी वाटी तिच्यापुढं केली.

"झ्याक झालंय," म्हटलं. "अजून वाढ."