पूजेतला सोऱ्या

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. सगळे मुंबईसाठी भांडत होते आणि मी चिंचपोकळीच्या माझ्या गाळ्यात एका सोऱ्यापायी जीव टांगून बसलो होतो.

चकल्या दाबून दाबून आमच्या हिचे तळहात सोलवटायचे. म्हणून मी पितळी सोऱ्याला आटे पाडले आणि वर दांडा बसवला. दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. फोर्टातला वकील म्हणाला, "पेटंट मिळेल. पण अर्ज जाईपर्यंत कुणाला दाखवू नका. चारचौघांनी पाहिलं की ते नवं राहत नाही."

झालं! माझं बूड म्हणून टेकेना. सोऱ्या गोणपाटात गुंडाळला आणि त्याच्याभोवती घिरट्या घालू लागलो. दार वाजलं की त्याच्यावर जाऊन बसायचो. अर्जासाठी सोऱ्याचे नकाशे घेऊन फोर्टात निघालो, तर हरताळ. पुन्हा निघालो, तर मोर्चात सापडलो आणि घोषणा देत देत वकिलाच्या दारावरून तसाच पुढे गेलो.

तेवढ्यात दसरा आला. लेथ धुतला, हातोड्या-कानशी मांडल्या, झेंडू वाहिला. ही म्हणाली, "अहो, ते गोणपाटात काय ठेवलंय? देवापासून कसली लपवाछपवी?"

पटलं! सोऱ्या पाटावर मधोमध ठेवला, कुंकू लावलं. पूजेच्या दिवशी गाळ्याचं दार लावायचं नसतं. सोनं द्यायला अख्खी आळी आत. शेजारच्या गाळ्यातला, भांडी घडवणारा, तर तोंडात पेढा टाकून दांडाच फिरवायला लागला.

"झकास रे! आटे कसे पाडलेस?"

आणि मी, फुशारकीच्या भरात, लेथवर करून दाखवलं!

दसऱ्यानंतर एकदाचा फोर्टात पोचलो. वकिलाने विचारलं, "कुणी पाहिलं का?"

"देवाने."

"आणि देवासमोर कोण कोण होतं?"

मी बोटांवर मोजायला लागलो. "मग विसरा पेटंट," तो म्हणाला.

दिवाळीत शेजारी फराळाचं ताट घेऊन हजर. बगलेत नवाकोरा सोऱ्या.

"तुझाच आहे रे. दांडा तेवढा लांब केलाय. बघ फिरवून."

चांगला फैलावर घेणार होतो त्याला. पण हात आधी दांड्याकडे गेला. हलका फिरत होता मेला!

हिनेही फिरवून पाहिला आणि त्याच्यादेखत म्हणाली, "आपल्या सोऱ्यापेक्षा बरा आहे हो."

भाऊबीजेला बहीण ओवाळायला खोळंबली होती आणि मी गाळा उघडून दांडे कापत होतो. त्याच्याहून बोटभर लांब.