एका दोराचे दोन बॅक

“सोड त्याले! वसंता, सोड म्हणतो ना तो दोर!”

सिंदी रेल्वेला गाडीतून उतरून, वळकटी खांद्यावर टाकून मी जिनाच्या (कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना) मागच्या मैदानात पाऊल ठेवले, तोच हा आवाज कानावर आदळला. आवाज असा, की नागपूरकडे निघालेली माझी गाडी अर्ध्या वाटेतून परत फिरते की काय, असे वाटले.

मैदानात दोन दांडगे तरुण कमरेला एकच दोर बांधून धावत होते. एक डावीकडे सरकला की दुसराही डावीकडे. मधे सहा हात दोर, ना सैल ना ताठ. ओरडत होते ते कवडूजी, दोघांपैकी वसंताचे वडील. आणि तोंडात शिट्टी धरून शांत उभा होता तो दौलतराव, ज्याला भेटायला मी मुंबईहून रात्रभर वळकटीवर बसून आलो होतो.

दौलतराव एका कापड गिरणीच्या फुटबॉल संघात अकरा वर्षे पगारी बॅक (गोलापुढे बचाव करणारा खेळाडू) होता. हजेरीपटावर तो साचेवाला (मागावरचा कामगार). पण त्याने साच्याला हात लावलेला कोणी पाहिला नाही. मी त्याच संघाचा राखीव गोलकीपर, म्हणजे बाहेर बसून लिंबे चोखणारा. दौलतरावाने उडवलेला चेंडू खाली येईपर्यंत आम्ही राखीव मंडळी कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन येत असू. खोटे वाटत असेल तर त्या चहावाल्याला विचारा. दुर्दैवाने तो आता हयात नाही.

दौलतरावाचा जोडीदार गोव्याचा पेद्रू. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण खेळताना दोघे एकाच माणसाचे दोन खांदे वाटत. फक्त एका अंतिम सामन्यात पेद्रू प्रेक्षकांशी भांडायला वळला, दौलतराव एकटाच पुढे धावला, दोघांच्या मधे दहा पावलांची फट पडली आणि तिच्यातून गोल झाला. त्या दहा पावलांबद्दल दौलतराव अजून बोलतो. स्वतःच्या लग्नाबद्दल इतके बोलत नाही. पुढच्या मोसमात गुडघा गेला, गिरणीने गळ्यात हार घातला आणि तो गावी परतला. आता जिनाच्या संघाला शिकवतो.

“दोघांत जागा किती ठेवाची, हे सांगून समजत नाई गड्या,” तो मला म्हणाला. “मले समजाले अकरा वर्षं लागले. या पोट्ट्यायसाठी (मुलांसाठी) अकरा वर्षं कुठून आणू? म्हणून दोर.”

“माहा वसंता बैल हाय काय?” कवडूजी तिथवर येऊन पोचले होते. “गाव हासून राह्यलं.”

“काका, बैल म्हणान तं दोघंही बैल,” दोराच्या दुसऱ्या टोकाचा तरुण म्हणाला. “मी तं तक्रार नाई केली.”

हा सुखदेव. जिनात गाठी बांधायच्या प्रेसवर कामाला. गेल्याच दसऱ्याला आईबापांसह नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन, बौद्ध होऊन आलेला. कवडूजींनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा माझ्यासारख्या परक्याच्याही लक्षात आले, की कवडूजींचा राग दोरावर नव्हता, दोराच्या त्या टोकावर होता.

दौलतरावाच्या ते कधीच लक्षात आले असावे. त्याने शिट्टी काढून खिशात टाकली.

“कवडूजी, परवा तळेगावले सामना हाय. तुमी सोबत चला. सामना पाहून तुमी तोडा म्हणाले, तं जोडी मी सोता तोडतो. वसंताले घरी घेऊन जा.”

“चालते,” कवडूजी म्हणाले.

मला तो व्यवहार मुळीच आवडला नाही. अकरा वर्षांत शिकलेली एकच गोष्ट दौलतराव कुणाच्या तरी अंगात उतरवू पाहत होता, आणि ती त्याने कवडूजींच्या जिभेवर ठेवून दिली होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जिनाच्या रिकाम्या ट्रकमध्ये उभे राहून निघालो. ट्रक तळेगाव श्यामजी पंतहून कापूस आणायला चालला होता. कवडूजी ड्रायव्हरशेजारी बसले, आम्ही बाकीचे मागे पोत्यांवर. रस्त्यातले खड्डे काय सांगू? एका खड्ड्यात उतरलो तेव्हा वर्धा दिसत होती, चढून वर आलो तेव्हा आर्वी आली. दोन्ही बाजूंना वेचणीचा कापूस, मधे माणूस बुडेल एवढी तूर. पुढे संत्र्यांचे बगीचे लागले आणि तिथेच ट्रकचे चाक रुतून बसले.

बगीचेवाला भला माणूस. त्याने चाक निघेपर्यंत पानगे (कणकेचे जाड गोळे, पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेले) आणि वांग्याची भाजी खाऊ घातली. भाजी इतकी जहाल की माझी टोपी आपोआप वर उचलली गेली. मी सात पानगे खाल्ले. दौलतराव अकरा म्हणतो. कवडूजी मात्र पंगत सोडून लांब, पाठ करून जेवले. सुखदेवने ते पाहिले आणि आणखी एक पानगा मागून घेतला.

तळेगावच्या बाजाराच्या मैदानावर माणूसच माणूस. तळेगावच्या संघाने खास नागपूरहून एक फॉरवर्ड आणलेला. त्याच्या बुटांत पाहून दाढी करावी, अशी चकाकी. आमचे अकराही अनवाणी. दोर अर्थातच ट्रकमध्ये राहिला होता.

वीसेक मिनिटांनी वसंता ढेकळावरून घसरून पडला. चेंडू सुखदेवच्या पुढ्यात, तीन पावलांवर. पण दोन महिन्यांची सवय! एक पडला की दुसऱ्याने थांबायचे, नाहीतर दोर कमरेत रुततो. सुखदेव जागच्या जागी थांबला, हात कमरेवर गेला. नागपूरवाल्याने त्याला वळसा घालून सावकाश गोल केला. लोक इतके हसले की संत्र्यांच्या टोपल्या कलंडल्या.

“पाह्यलं?” कवडूजी मला म्हणाले.

मी माझ्या चपला निरखू लागलो.

मध्यंतरात दौलतराव कुणावर चिडला नाही. “चूक माही हाय,” तो दोघांना म्हणाला. “दोर बांधाचा शिकवला, सोडाचा नाई शिकवला.”

“मंग आता काय करू?” वसंताने विचारले.

“आता पडू नको,” सुखदेव म्हणाला.

उत्तरार्धात त्या दोघांतून मुंगी गेली नाही. नागपूरवाला डावीकडून येई, दोघे डावीकडे. उजवीकडून येई, दोघे उजवीकडे. दरम्यान गर्दीगर्दीत कुणाच्या तरी नडगीला लागून आमचाही एक गोल झाला.

शेवटची दोन मिनिटे उरली. नागपूरवाल्याचे कोपर सुखदेवच्या छातीत बसले आणि तो गुडघ्यावर आला. वसंताला पत्ताच नाही. तो चेंडूमागे पार मध्यरेषेकडे निघाला होता. दोघांच्या मधे फट पडली. दहा पावले, कदाचित बारा. मी दौलतरावाकडे पाहिले. त्याचा हात खिशातल्या शिट्टीकडे गेला होता.

“अबे वसंता, मागं ये!” माझ्या मागून गर्जना झाली. “त्याले एकटं काऊन (का) सोडलं बे?”

कवडूजी. चाळीस वर्षे बैल हाकलेला माणूस. जोडी फाकलेली त्यांना शंभर पावलांवरून दिसली. वसंता गरकन वळला. सुखदेव छाती धरून उठला आणि वाटेत आडवा झाला. नागपूरवाला क्षणभर अडला, तेवढ्यात वसंताने चेंडू असा टोलवला की तो अमरावतीच्या वाटेला लागला. शिट्टी झाली. एकास एक.

परतताना ट्रक कापसाने भरलेला. आम्ही वर आडवे, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. कवडूजी पुन्हा ड्रायव्हरशेजारी. सिंदीला उतरताच ते सरळ घराकडे वळले.

मी मात्र कापसात रुतून विचार करत होतो. गोल करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते; न झालेल्या गोलांची नोंद कुठेच नसते. माझ्या मित्राची सगळी कमाई त्या नसलेल्या नोंदीत आहे, आणि आता ती दुसऱ्याला शिकवायलाही त्याला एका बापाची परवानगी लागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव मला गाडीवर पोचवायला निघाला. स्टेशनच्या वळणावर कवडूजींची बैलगाडी समोरून आली.

“कवडूजी,” दौलतरावाने अखेर विचारलेच, “मंग काय ठरवलं जी?”

कवडूजींनी गाडी थांबवली नाही.

“तूर कापाची हाय,” ते म्हणाले. “चारनंतर पाठवतो.”