मार्को पोलोच्या दारातली चिमूटभर माती

घोरावाडी स्टेशनाचा फलाट तीस वर्षं झाडलेले सहादू आबा लेकीच्या हट्टापायी टूरबरोबर व्हेनिसला गेले. मार्को पोलो लहानपणी खेळला त्या आळीत पोचल्यावर, गडावर लावतात तशी कपाळाला माती लावायला ते वाकले. पण सगळी फरशीच! फटीत बोट घातलं, तर सिगारेटची थोटकं अन् चघळून टाकलेला चिकट गोळा.

"शी! थोरामोठ्याचं दार असं ठेवत्यात व्हय?" आबा चडफडले.

उठताना भिंतीला हात टेकला, तर तळव्याला ओली, लाल पिंक लागली. हीच लाली त्यांनी जन्मभर फलाटावरून खरवडली होती. त्यांनी मागं पाहिलं.

टूरमधला लोणावळ्याचा कैलास तोंड पुसत म्हणाला, "आबा, जरा सरका की. फोटो काढायचाय."